पहिला प्रश्न त्यांचा

जाळीला हात लावला की बोटांना लोखंडाचा वास लागतो आणि तो साबणाने जात नाही, असे मठपती बाई म्हणत. चिंच लावावी, लिंबू चोळावे, काही उपयोग होत नाही. तो आपला आपण विरतो, आणि मग एखाद्या दिवशी जेवताना ध्यानात येते की आज भाकरीला नुसता भाकरीचाच वास आहे. तुरुंगात आपल्या माणसांच्या भेटीला जाणाऱ्या बायकांनी त्यांना हे सांगितले होते. ते टिपून घेताना माझा हात थांबला. समाजशास्त्राच्या अभ्यासात वासाचे काय काम, असे मला वाटले असावे. बाईंनी ओळखले. "लिही," त्या म्हणाल्या, "वास ही सुद्धा शिक्षाच आहे की. न्यायाधीशांनी सुनावलेली नाही, एवढंच."

नीलगंगा मठपती सोलापुरातल्या एका महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवत. दुष्काळाच्या पाठोपाठ आलेली ती वर्षे. रेशनवर मिळालेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरीची चव लोकांच्या जिभेवरून अजून गेली नव्हती. मी मराठी घेऊन एम.ए. झाले होते, कवितेपलीकडे मला फारसे काही येत नव्हते, आणि बाईंना ऐकून लिहिणारे कुणीतरी हवे होते. त्यांनी मला गिरणीच्या फाटकासमोर नेऊन उभे केले. भोंगा झाला, पाळी सुटली, अंगावर कापसाचे तंतू घेऊन माणसे बाहेर पडली. काय ऐकलेस, असे त्यांनी विचारले. मी भोंग्याचे वर्णन करू लागले आणि त्यात आर्त हा शब्द आला.

"आर्त कोण? भोंगा की तू?"

विशेषणे घरी ठेवून येणार असशील तर सोमवारपासून ये, असे सांगून त्या चालू लागल्या.

अक्कलकोटच्या पलीकडचा कानडी मुलूख त्यांचे माहेर होता. सासर नव्हते, कारण त्यांनी लग्न केले नव्हते. मराठी त्या शाळेत शिकल्या होत्या आणि परक्या घरातले भांडे उचलावे तशा जपून एकेक शब्द उचलत. हाडापेराने मोठ्या, रंगाने सावळ्या, कपाळावर विभूतीची फिकट रेघ. जाड इरकल नेसत आणि तुरुंगाच्या फाटकाशी आल्या की पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेत. मनगटावरचे घड्याळ महाविद्यालयातच काढून ठेवलेले असे. घड्याळ घालून आत बसलो की आपण केव्हा उठणार ते समोरच्याला दिसत राहते, असे त्यांचे म्हणणे. खांद्याला पिशवी, पिशवीत फडक्यात बांधलेली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. भेटीला आलेल्या बायका फाटकासमोरच्या लिंबाखाली ताटकळत बसत, तिथे ही भाकरी मोडली जाई. तिचा तो कडकन होणारा आवाज, लसणाचा उग्र वास, आणि त्या वासाने मोकळ्या झालेल्या बायकांचे बोलणे. बाईंचा अर्धा अभ्यास या लिंबाखाली झाला.

त्यांच्या घरातले कुणी कधी आत होते, अशी कुजबुज महाविद्यालयात होती. भाऊ होता म्हणत, कुणी चुलता म्हणत. मी विचारले नाही, त्यांनी सांगितले नाही.

संशोधन हा शब्द त्या क्वचितच वापरत. त्यांचा शब्द भागीदारी. दुकान जसे भागीदारीत चालते तसा हा अभ्यास चालवायचा, असे त्यांनी ठरवले होते, आणि भागीदार चार: महाविद्यालय, तुरुंगाचे अधिकारी, आत असलेली माणसे आणि त्या माणसांची बाहेर राहिलेली घरे. तुरुंगाने माणसाचे नेमके काय बिघडते आणि त्यातले काय टाळता येण्यासारखे आहे, हे चौघांनी मिळून शोधायचे. कुणी कुणाचा नमुना नाही आणि कुणी कुणाचा साहेब नाही.

माने साहेब तेव्हा तिथे जेलर होते. वैरागकडचे, शेतकरी घरातले, अंगाने भरलेले, पानाने ओठ सदा लाल. त्यांना ही कल्पना पटायला बरेच दिवस लागले.

"बाई, कैदीच भागीदार म्हटल्यावर आम्ही कोण?" त्यांनी विचारले. "दुकानाचे वॉचमन?"

"तुम्ही जागेचे मालक. भाडं घेऊ नका म्हणजे झालं."

साहेब हसले आणि बैठकीला यायला कबूल झाले. ती पहिली बैठक महाविद्यालयाच्या एका रिकाम्या वर्गात भरली. घरांच्या वतीने लक्ष्मी आली होती, विड्या वळणारी, पूर्व भागातल्या तेलुगू विणकर वस्तीतली. तिचा मोठा भाऊ अंबादास आत होता. बोटांच्या टोकांना तंबाखूचा तपकिरी रंग, केसांत अबोलीचा गजरा. जेलरसाहेबांसमोर खुर्चीवर बसायला ती तयार होईना. दाराशी फरशीवर बसली. बाईंनी तिला एकदाही वर ये म्हटले नाही. त्या स्वतः खाली तिच्या शेजारी जाऊन बसल्या, मागोमाग मी. आतल्या माणसांपैकी कुणाला येणे शक्य नव्हते, म्हणून त्यांच्यासाठी एक सतरंजी घडी उलगडून मोकळी ठेवली होती. वर उरले एकटे माने साहेब. थोडा वेळ ते तसेच बोलत राहिले, मग पट्टा सैल करीत खाली उतरले. "वर एकट्यालाच वारं लागतंय," ते म्हणाले. लक्ष्मीने तोंडाला पदर लावला. तिचे हसू मी त्या दिवशी पाहिले आणि पुढे फार थोड्या वेळा.

आत जाऊन बाई जे करीत ते मी दुसरीकडे कुठे पाहिले नाही. विणकामाच्या शेडलगतच्या पडवीत सात-आठ माणसे बसवलेली असत. दाराशी शिपाई. शेडमधून मागांची खटखट, खळीचा आंबूस वास आणि पत्र्यातून झिरपणारे ऊन. बाई त्यांच्यासमोर मांडी घालून बसत आणि सांगत, की मला तुम्हाला पुष्कळ विचारायचे आहे, पण पहिला प्रश्न तुमचा. बाहेरचे काहीही विचारा. मी स्वतः जाऊन पाहून येईन आणि जे असेल ते खरे सांगेन. त्यानंतर माझी पाळी.

दोन खेपा कुणी तोंड उघडले नाही. तिसऱ्या खेपेला पिकल्या मिशांच्या एका माणसाने, काहीतरी विचारायचे म्हणून, आपल्या गल्लीतल्या नळाला हल्ली पाणी येते का असे विचारले. बाकीचे हसले. बाई हसल्या नाहीत. दुसऱ्या पहाटे आम्ही त्या गल्लीत घागरींच्या रांगेशी उभ्या होतो.

"येतं," पुढच्या खेपेला त्यांनी त्याला सांगितले. "पण पहाटे, आणि धार करंगळीएवढी. तुमच्या दारासमोरची बाभळ तोडलीय. सावली गेली."

बाभळीचे त्याने विचारले नव्हते. पण आता तो बाईंनी न विचारताच बोलू लागला. झोपेबद्दल, हातांच्या थरथरीबद्दल, आपल्याच पोराचे तोंड आठवेनासे झाल्याबद्दल.

त्यानंतर प्रश्नांना खंड राहिला नाही. माझ्या मागावर आता कोण बसते? पोरगी खरेच शाळेत जाते, की मला नुसते सांगतात? पत्र्यावर दगड ठेवलेत का, वाऱ्याचे दिवस आलेत. एका तरुणाने विचारले, आमच्या दाराला बाहेरून कुलूप आहे की आतून कडी? आम्ही तीन वेगवेगळ्या दिवशी जाऊन आलो. "कुलूप," बाई म्हणाल्या. तो तरुण मानेने बरे म्हणाला आणि पुन्हा पडवीत आला नाही. परतताना मी म्हटले, आणखी काही दिवस थांबून सांगायला हवे होते. त्या दिवशी लिंबाखाली बाईंनी भाकरी सोडली नाही.

भेटींची जागा म्हणजे दोन जाळ्या आणि त्यांमध्ये हातभर रुंद बोळ. एका जाळीला बाहेरचे, दुसरीला आतले, बोळातून शिपाई फेऱ्या घालणार. सगळे एकदमच बोलत, म्हणून सगळे ओरडत. बाईंनी मला तिथे उभे केले आणि अर्थाकडे लक्ष न देता कानावर पडतील ते शब्द लिहायला सांगितले. संध्याकाळी त्या कागदांवरून आम्ही दोघींनी नजर फिरवली. नावे होती, पैसे होते, औषध, वकील, तारीख होती. पण सर्वांत अधिक वेळा आलेला शब्द एकच होता: काय? दोन्ही बाजूंनी, मराठीत, कानडीत, तेलुगूत, दखनीत, माणसे एकमेकांना काय काय असेच विचारीत होती, आणि घंटा होत होती. माने साहेबांसमोर बाईंनी ते कागद ठेवले. साहेब ते वाचत असताना त्यांच्या तोंडातले पान चघळायचे थांबले, हे मला आठवते.

अंबादास आम्हाला भेटला तो या सुमारास. उंच, काटकुळा, मागावर वाकून वाकून पाठीला पोक आलेला. दारूच्या भांडणात त्याच्या हातून शेजारचा माणूस गेला होता. हे त्याने पहिल्याच दिवशी स्वतःहून सांगितले, आणि त्याबद्दल विचारू नका, झाले ते मी केले, असेही सांगितले. वागणूक चांगली म्हणून त्याला शिक्षेत माफी मिळत गेली होती. ती धरून वर्षभरात तो सुटायचा होता. भिंतीबाहेरच्या शेतीवर जाणाऱ्या टोळीत त्याला घेतले होते. बाकीचे जेव्हा बिचकत तेव्हा हाच त्यांना समजावी, की बाईंना सांगा, बाई खोटे बोलत नाहीत. त्याला या अभ्यासातून एक गोष्ट हवी होती आणि ती त्याने लपवली नाही.

त्याची आई, जिला तो अम्मा म्हणे, ठार बहिरी होती. ती दर भेटीला लक्ष्मीबरोबर येई, जाळीत बोटे अडकवून उभी राही आणि हसून मान हलवी. तो ओरडत राही. त्याचा एक शब्दही तिला पोचत नसे.

"शेजारी बसवा एकदा," तो बाईंना म्हणाला. "हात धरून बोललं की तिला सगळं समजतं. मला तिला सांगायचंय."

काय सांगायचे आहे, ते बाईंनी विचारले नाही. पण त्या दिवसापासून भेटीची खोली हा त्यांचा ध्यास झाला. जाळी नाही, ओरडा नाही, सतरंजीवर समोरासमोर बसून बोलायचे. फक्त रविवारी आणि फक्त चांगल्या वागणुकीच्या माणसांना. महिनोन्महिने त्या या एका मागणीमागे लागल्या. वरच्या साहेबांकडे माने साहेबांना घेऊन गेल्या, कागद दाखवले, पुन्हा गेल्या. अखेर तोंडी परवानगी मिळाली, तीही प्रयोगापुरती.

"काही वेडंवाकडं झालं ना बाई, तर पहिली माझी टोपी जाईल," साहेब म्हणाले.

"आणि नाही झालं तर?"

"तर टोपी आहे तिथंच राहील. आम्हाला बढती कोण देतंय."

फाटकाजवळची रिकाम्या पोत्यांची कोठी खोलीसाठी मिळाली. आतल्या माणसांनीच ती झाडली, चुना लावला. ज्वारीच्या भुशाचा जुना वास आणि ओल्या चुन्याचा नवा वास त्या खोलीत एकमेकांत मिसळून राहिले होते. पहिल्या रविवारी एक लहान मुलगी बापासमोर येऊन उभी राहिली, जवळ जाईना. त्याने हात पुढे केला. तिने तो हुंगला, मग आपला गाल त्यावर ठेवला. माने साहेब खोलीबाहेर निघून गेले.

अंबादास धुतलेले कपडे घालून, केस पाण्याने बसवून दाराशी बसला होता. अम्मा आली नाही. लक्ष्मीही नाही. पुढच्या रविवारीही तो तसाच बसला. अम्माचे गुडघे दुखतात असा निरोप आला. मग पडवीत, पहिल्या प्रश्नाच्या वेळी, त्याने विचारले, "अम्मा कशी आहे? बघून या."

आम्ही गेलो. त्या वस्तीत शिरले की मागांचा आवाज पायांतून वर चढतो. बोलणाऱ्याचे ओठ आधी दिसतात, शब्द मागून येतात. लक्ष्मी दाराशी सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती. आम्हाला पाहून तिने मान वर केली नाही. आत कोपऱ्यात अम्माचा कांड्या भरायचा चरखा होता आणि त्यावर धुतलेले पातळ झाकले होते.

खोलीचा चुना वाळण्याआधीच अम्मा गेली होती. ताप आला आणि दोन रात्रींत संपली. चुलत भावाने अग्नी दिला. वडीलधाऱ्यांनी बसून ठरवले की अंबादासला आत कळू द्यायचे नाही. थोडे महिने उरलेत. सुटून येईल तेव्हा दारातच सांगू, तिथेच डोक्यावरून पाणी घालू, मग घरात घेऊ.

"हितं आम्ही सगळी हाव," लक्ष्मी म्हणाली. "तितं कोण हाय त्याला? सांगू नका, बाई. तुमच्या पाया पडते."

परतीच्या वाटेवर बाई तळपत्या रस्त्याच्या मधूनच चालत होत्या. मागून आलेल्या टांगेवाल्याने शिवी दिली तेव्हा कडेला झाल्या. मग म्हणाल्या, लक्ष्मी भागीदार आहे. अंबादासही आहे. एक म्हणते सांगू नका, दुसरा म्हणतो बघून या आणि सांगा. मी म्हटले, अजून ताप आहे असे सांगता येईल. काही महिन्यांचाच तर प्रश्न आहे.

"एकदा खोटं बोलले की आजवरची माझी सगळी उत्तरं खोटी होतील," त्या म्हणाल्या. "त्या कुलपासकट."

त्यांनी सांगितले. नेहमीच्या जागी, नेहमीच्या सतरंजीवर, बाकीच्यांना बाजूला बसवून. फार हळू आणि फार थोड्या शब्दांत. अंबादासने ऐकून घेतले. शेडमधला एक माग त्या वेळी बंद पडला आणि लगेच पुन्हा सुरू झाला. अग्नी कुणी दिला, असे त्याने विचारले. बाईंनी सांगितले.

"माझं नाव घेत होती का?"

बाईंचे ओठ हलले. "ते मी लक्ष्मीला विचारलं नाही. विचारून येते."

"राहू द्या."

दाराशी शिपायाने काठी आपटली. वेळ संपली होती. बाईंनी हात जोडले आणि उठल्या, त्यांच्यामागे मीही उठले. अंबादास दोन्ही तळहात गुडघ्यांवर उपडे ठेवून तसाच बसून होता.

त्याच आठवड्यात, भर दुपारी, शेतावरच्या टोळीतून तो चालू लागला. पळाला नाही, लपला नाही. तुरुंगाच्या कपड्यांत, भरल्या रस्त्यांतून, आपल्या वस्तीत, आपल्या दारात जाऊन उभा राहिला. वस्तीतल्या लोकांनी आम्हाला पुढे सांगितले ते इतकेच, की त्याने घरात पाऊल टाकले नाही. अंगणात उकिडवा बसला आणि लक्ष्मीला म्हणाला, पाणी घाल. आईच्या मरणाची बातमी कानावर आली की मुलाने डोक्यावरून पाणी घ्यायचे असते, आणि ते घालणारे हात घरचे असावे लागतात. त्यासाठी तो आला होता. लक्ष्मीने पिंपातले सगळे पाणी त्याच्या डोक्यावर ओतले. तांब्यामागून तांब्या, पिंप खडखडेपर्यंत. मग दोघे तिथेच बसून राहिले. पोलीस आले तेव्हा तो आपणहून उठला. ओल्या कपड्यांनीच त्याला नेले; रस्त्यावर थेंबांची रेघ उन्हात थोडा वेळ दिसत होती म्हणे.

कागदावर तो पळालेला कैदी झाला. मिळालेली माफी गेली, वर नवा खटला. काही महिन्यांत संपणारी शिक्षा पुन्हा लांब पसरली. प्रयोगापुरती दिलेली परवानगी काढून घेतली गेली आणि सगळी घरे पुन्हा जाळीशी आली. माने साहेबांची बदली झाली. जाण्यापूर्वी ते महाविद्यालयात येऊन गेले. चहा घेतला नाही.

"मी तुम्हाला दोष देत नाही," ते बाईंना म्हणाले. "पण खोलीत परत पोती गेली."

महाविद्यालयाने अभ्यास थांबवला. त्याचे दुःख बाईंनी केले नाही, किंवा मला दिसू दिले नाही. त्या लक्ष्मीकडे गेल्या. दार लोटलेले होते. आतून, दार न उघडता, ती एवढेच बोलली: "सांगू नका म्हणलं होतं की."

बाई ओट्यापाशी उभ्या राहिल्या. आत विडीचे पान कातरल्याचा आवाज येत होता, न थांबता. मग आम्ही परतलो. मला वाटले होते, आपण खरे बोललो ते चुकले का, असे काहीतरी त्या म्हणतील. पण त्यांच्या मनात वेगळेच चालले होते.

"आमच्या गावाकडं," त्या म्हणाल्या, "मौतीचा निरोप घेऊन गेलेला माणूस त्या घरून लगेच परतत नाही. त्या घरातल्यांनी पाणी घेतलं, दोन घास खाल्ले, की मग उठतो. शत्रूच्या घरी गेला तरी. हे मला पोर असल्यापासून ठाऊक आहे." थोडे चालून गेल्यावर त्या म्हणाल्या, "आणि मी शिपायानं काठी आपटली तशी उठले."

तुम्ही बसायचे म्हटले असते तरी शिपायाने बसू दिले नसते, असे मी म्हटले. ते खरेही होते. बाईंनी माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्यात राग नव्हता, आणि मान्यताही नव्हती. बसते असे मी म्हटले तरी कुठे होते, असे त्या म्हणाल्या.

त्यानंतर त्या अभ्यासक म्हणून आत गेल्या नाहीत. भेटीला येणाऱ्यांच्या रांगेत उभ्या राहू लागल्या. फाटकावरचे शिपाई त्यांना ओळखत, आणि शिपायांनाच अवघडल्यासारखे होई. अंबादासचे कोण लागता, असे एकाने नियमाप्रमाणे विचारले तेव्हा त्या ओळखीची म्हणाल्या, आणि त्याने पुढे विचारले नाही. आत अंबादासच्या नावाचा पुकारा होई. तो बाहेर येत नसे. बाई रिकाम्या जाळीसमोर पूर्ण वेळ उभ्या राहत, दोन्ही बाजूंनी ओरडणाऱ्या माणसांमध्ये, आणि घंटा झाली की परतत. पुढच्या वेळी पुन्हा. उन्हाळा गेला, पावसाळा कोरडाच गेला. वर्गात त्यांचे शिकवणे पूर्वीसारखेच नेटके होते, पण एखादे वाक्य अर्ध्यावर सोडून त्या खिडकीबाहेर पाहत आणि मुली वह्या मिटत. वाकू लागल्या होत्या. केस झपाट्याने पांढरे झाले. असे जात राहून काय होणार, असे मी एकदा विचारले. "ते मला कुठं ठाऊक आहे," त्या म्हणाल्या, आणि खडूचे हात पदराला पुसले.

मला कुर्डुवाडीच्या शाळेत नोकरी लागली. निघण्याच्या दिवशी बाईंना भेटायला त्यांच्या बिऱ्हाडी गेले तर कुलूप. रविवार होता, मग कुठे जायचे ते मला माहीत होते. टिनाची ट्रंक टांग्यात तशीच ठेवून मी फाटकासमोर उतरले. लिंबाची पाने गळून जमिनीवर पिवळा थर झाला होता. खाली लक्ष्मी बसली होती. तिची भेट उरकली होती. माझ्याकडे पाहून तिने न पाहिल्यासारखे केले, आणि मग स्वतःच म्हणाली:

"आज तो जाळीशी आलाय. बाईंसाठी."

फाटकाचे लहान दार उघडे होते. त्यातून बोळाचा शेवट दिसत होता, आणि बाईंची पाठ. पलीकडच्या जाळीमागे उंच, वाकलेली एक आकृती. भोवती सगळे ओरडत होते. ती दोघे बोलत नव्हती. निदान तिथून मला तसे दिसले. बाईंचा पदर खांद्यावरून घसरला होता आणि त्यांनी तो सावरला नव्हता.

घंटा झाली. एकेक करून बायका बाहेर आल्या, डोळे टिपत, मुलांना ओढत, चपला शोधत. लक्ष्मी उठली, लुगड्यावरची पाने झटकली, पिशवी काखेला मारली आणि दाराकडे पाहत थांबली. टांगेवाल्याने मला हाक दिली. गाडीची वेळ होत आली होती. आत शिपाई काहीतरी सांगत होता, आधी हळू, मग आवाज चढवून. पुन्हा घंटा झाली. दारातून बाई आल्या नाहीत.

लक्ष्मीने पिशवी खाली ठेवली आणि ती पुन्हा बसली.